पांढऱ्या कांड्यांची बरणी

आधीच सांगून ठेवतो, मला कोणाची कीव नको. "जाऊ द्या हो, वयाचं असतं," हे तर मुळीच नको. ते ऐकून ऐकून कान किटले माझे.

मी काचेची फुलं करायचो. बेचाळीस वर्षं. बर्नरच्या ज्योतीत काचेची कांडी धरायची, टोक लाल होऊन लोंबायला लागलं की चिमट्याने ओढायचं, दाबायचं, कड वळवायची, की झाली पाकळी. मग दुसरी, मग तिसरी. लोक दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, अरे, हे तर सोपं आहे! अशा माणसाच्या हातात मी लगेच कांडी द्यायचो. दोन मिनिटांत बोट भाजून घेतलं की तोंड बंद व्हायचं त्याचं.

आमचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे दार, दाराला लागून एक फळी, डाव्या हाताला खिडकी, खिडकीखाली मोठा बर्नर आणि त्याच्यापुढे खुर्ची. मागे, भिंतीकडे तोंड करून, दुसरा लहान बर्नर. कोपऱ्यात भट्टी. झालेलं फूल त्या भट्टीत ठेवून सावकाश निवू द्यायचं, नाहीतर काच आतल्या आत ताणलेली राहते. खिडकीच्या खुर्चीत बसणारा फुलं करतो. भिंतीकडे बसणारा देठ आणि पानं. उजेड एकाच जागी, त्यामुळे खुर्चीही एकच.

ती खुर्ची कोणाला मिळणार याचा नियम होता. माझ्या मास्तरांना तो त्यांच्या मास्तरांकडून आलेला. शिकणाऱ्याने आपल्या मनाचं एक फूल करायचं आणि दाराजवळच्या फळीवर ठेवायचं, वर्षभर. तिथे सकाळी ऊन येतं, दुपारी वारा, आणि दार तर दिवसातून पन्नास वेळा आपटतं. जोड कच्चा असेल, काच ताणलेली असेल, तर ती कधी ना कधी आपली आपणच तडकते. वर्ष पुरं झालं आणि फूल शाबूत राहिलं, की खुर्ची त्याची. देठाखाली हिऱ्याच्या लेखणीने स्वतःची खूण कोरायचा हक्कही त्याचाच. जुन्याने मुकाट्याने उठून भिंतीकडे जायचं.

मी बत्तीस वर्षांचा असताना मास्तरांना असं उठवलं. ते हसत उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि भिंतीकडे जाऊन बसले. त्यानंतर दोन वर्षं ते पानं करत होते. गिऱ्हाईक आलं की त्यांच्यावरून पुढे, सरळ माझ्याकडे. ते मान वर करून बघायचे आणि पुन्हा खाली घालायचे. दोन वर्षांनी गेले. मला तेव्हा काही वाटलं नाही. मी खिडकीत होतो ना!

आता टिचकीचं सांगतो. टिचकी म्हणजे माझी भाची, धाकट्या बहिणीची मुलगी. आईबाप दोघंही एका वर्षात गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. आम्हाला मूलबाळ नाही. माझी बायकोच जाऊन तिला हाताला धरून घरी घेऊन आली, मला विचारलंसुद्धा नाही. विसाव्या वर्षी ती दुकानात यायला लागली. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक फुलाला नखाने हळूच टिचकी मारून कान लावायची खोड तिला, म्हणून टिचकी. चांगल्या काचेचा आवाज लांबतो. वाईट काच बद्द वाजते. हे मीच शिकवलं होतं तिला, पण माझ्यापेक्षा तिला जास्त ऐकू यायचं.

हात कसा होता म्हणून विचाराल, तर माझ्यापेक्षा चांगला. झालं, बोललो एकदाचा. हे वाक्य आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. मी पाकळी करायचो ती पाकळीसारखी दिसायची. ती करायची ती जरा सुकायला आल्यासारखी, कडेला किंचित मुडपलेली. गिऱ्हाईक हात लावून बघायचं आणि दचकायचं. पोरीला दहा वर्षं मी भिंतीकडे बसवून ठेवलं. "अजून हात बसायचाय," म्हणायचो. बायको खोकी भरता भरता मला ऐकवायची, "हात तिचा बसलाय हो, तुम्हीच खुर्चीत बसलायत." ती आमच्याकडे फुलं खोक्यात भरायचं काम करायची आणि जिभेला हाड म्हणून नव्हतं.

तेवढ्यात माझे डोळे गेले. एकदम नाही. बघतो त्याच्या बरोबर मधोमध एक करडा डाग आला. कडेचं सगळं दिसायचं, भिंत, खिडकी, दारातला माणूस. पण ज्याच्याकडे नजर लावावी तेच नाहीसं. डॉक्टर म्हणाले, ह्याला ऑपरेशन नाही. मी घरी येऊन म्हणालो, चष्म्याचा नंबर वाढलाय. ज्योत दिसायची, कांडीचा लाल रंग दिसायचा, बाकीचं बोटांना पाठ होतं. पाकळीची कड मात्र दिसत नव्हती. सहा महिने मी तसाच बसलो खिडकीत. फुलं जाडजूड व्हायला लागली. कोणी बोललं तर मी म्हणायचो, आता नाजूक काम घेणारी माणसं राहिली कुठे!

शेवटी एके दिवशी टिचकीच म्हणाली, "मामा, मी दाराचं फूल करू?"

नाही कसं म्हणणार? नियम होता.

"कर की," मी म्हणालो. "कोणतं करणार?"

"म्हातारी."

म्हातारी म्हणजे ते पांढरं, कापसासारखं, फुंकर मारली की उडून जाणारं. पोरं पकडायला धावतात ते. मधे बारीक बोंड आणि त्यातून चारी बाजूंनी शेकडो पांढरे तंतू.

"जगात इतकी फुलं आहेत आणि तुला म्हातारीच सुचली?" मी म्हणालो.

"घरात एक आहे ती पुरे नाही का गं?" बायको मागून ओरडली. तिघंही हसलो. तेव्हा आमच्या घरात हसायचे.

त्याच आठवड्यात मी पांढऱ्या कांड्यांची बरणी भरली होती. पांढरी काच आमच्याकडे कमी लागते, बरणी अर्ध्यावर आली होती. मालवाल्याकडून एक गठ्ठा आला होता, कागदात गुंडाळलेला. नेहमी येतो तसाच. मी कागद सोडला, कांड्या बरणीत ओतल्या, जुन्या-नव्या एक झाल्या. कागदावर काहीतरी छापलेलं होतं खरं. मला तो काळा पट्टा दिसला. वाचता येणार नव्हतं, म्हणून वाचलं नाही. कागद रद्दीत टाकला.

टिचकीने म्हातारी केली. नऊ दिवस लागले तिला. पांढरी कांडी ज्योतीत धरून केसाएवढा तंतू ओढायचा, तोडायचा, बोंडावर टेकवायचा. असे तीनशे बारा. भट्टीतून काढून तिने ती फळीवर ठेवली तेव्हा बायको तोंडावर हात ठेवून उभी राहिली. फुंकर मारली तर उडेल असं वाटत होतं. मला मधला डाग सोडून कडेचं पांढरं धुकं दिसत होतं. तेवढ्यावरही कळलं. माझ्या बेचाळीस वर्षांत असं काही झालं नव्हतं.

दोन दिवसांनी टिचकी गॅसच्या टाक्या सांगायला गेली होती. बायको रद्दीतले कागद चुरगळून खोक्यात भरत होती. म्हणाली, "अहो, हे बघा काय लिहिलंय. नमुना. वेगळ्या जातीची काच. आपल्या नेहमीच्या कांड्यांत मिसळू नये. हे काय असतं?"

मी हातातली कांडी खाली ठेवली.

काचेच्या जाती असतात. दिसायला सारख्या, वितळायला सारख्या. पण निवताना एक जास्त आकसते, एक कमी. दोन्ही एका फुलात आल्या की आत ओढाताण चालू होते, आणि मग कधी दुसऱ्या दिवशी, कधी सहा महिन्यांनी, काच टिकदिशी तडकते. नवशिकासुद्धा पांढऱ्यात पांढरी न बघता ओतणार नाही. हा गाढवपणा फक्त न दिसणारा माणूसच करू शकतो.

मी बरणीतल्या चार कांड्या काढल्या. ओळखायची एक रीत आहे. दोन कांड्यांची टोकं शेजारी शेजारी वितळवून एकत्र दाबायची आणि त्यांची तार ओढायची. तार सरळ राहिली तर काचा जुळतात. वाकली तर नाही. मी तार ओढली आणि बोट फिरवून पाहिलं. गळासारखी वाकली होती. मी तिचे तुकडे करून कचऱ्यात टाकले.

"सांगितलं पाहिजे हो टिचकीला," बायको म्हणाली.

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "सांगितलंत का?" टिचकी हात धुवायला गेली होती.

"हो, सांगितलं," मी म्हणालो.

आता हे कसं झालं ते मी तुम्हाला सरळ सांगतो, मीठमसाला न लावता. त्या दिवशी सांगितलं असतं तर तिने हसून दुसरी म्हातारी केली असती. नऊ दिवसांचा प्रश्न. पण तिने विचारलं असतं, मामा, कागद वाचला नाहीत? आणि मग डोळ्यांचं बाहेर आलं असतं, आणि वर्षभर थांबायचंही कारण राहिलं नसतं. त्याच दिवशी मी भिंतीकडे. म्हटलं, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला. मग मनात आलं, ती तडकेलच. तडकली की आणखी एक वर्ष खुर्ची माझी. हे मनात आलं आणि मी त्याला हाकललं नाही. बसू दिलं.

वर्षभर मी मूग गिळून बसलो. रोज सकाळी कुलूप काढलं की टिचकी आधी फळीकडे जायची, वाकून बघायची, "आहे आहे!" म्हणायची. मी विचारायचो, "काय म्हणते म्हातारी?" आणि मनातून ती तडकायची वाट बघायचो. पाचव्या महिन्यात रस्त्यावर खोदकाम निघालं. दिवसभर मोठं यंत्र धडधडत होतं, फळीवरच्या बाटल्या नाचत होत्या. टिचकीने दोन दिवस फळीजवळ उभं राहून काढले, जसं काही तिच्या उभं राहण्याने काच धरून राहणार होती. नियम असा की हात लावायचा नाही. तिने लावला नाही. म्हातारीचा एक तंतूही पडला नाही. त्या संध्याकाळी ती माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटत होतं, आणि ते म्हातारी तडकली नाही म्हणून वाटत होतं.

त्या वर्षात पांढऱ्या काचेची दोन-चार फुलं गिऱ्हाइकाकडे जाऊन तडकली. आम्ही कुरियरवाल्याच्या नावाने बोटं मोडली. मीच पुढे होऊन त्याला झापलं.

वर्ष भरलं. म्हातारी शाबूत. कसं काय, ते मला कळत होतं. तंतू केसाएवढे, त्यांची ओढ ती कितीशी असणार! पातळ असलं तर कधी कधी निभावतं. तर मी उठलो. मास्तरांसारखं हसायला जमलं नाही, पण उठलो. टिचकीने वाकून नमस्कार केला आणि खिडकीत बसली. मी भिंतीकडे. ती बरणी तिने उचलून आपल्या हाताशी ठेवली. "ही लाभली मला," म्हणाली. "हिला कोणी हात लावायचा नाही."

तेव्हा तरी सांगायचं. म्हणजे बरणी फेकून द्यायला सांगायचं, कारण न देता. एखादा बहाणा काढता आला असता. थोडं थांबू म्हटलं.

महिन्याभरात वनस्पतींच्या संग्रहालयातल्या बाई आल्या. कुणाकडून तरी म्हातारीचं ऐकून आल्या होत्या. फळीपुढे पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या. मग टिचकीशी बोलायला लागल्या. त्यांना सोळा झाडं हवी होती, कंदासकट. फूल, पान, देठ, आणि खाली मुठीएवढा पांढरा कंद, वरचे पापुद्रे सुटलेला. कायमच्या दालनात, काचेच्या कपाटांत, खाली करणाऱ्याच्या नावाची पाटी. माझ्या मास्तरांच्या नावाची पाटी कुठे लागली नव्हती. माझ्याही नाही. टिचकी खुर्चीवरून अर्धी उठली होती.

मी उठून जवळ गेलो. मलाही बघायची होती त्यांनी आणलेली चित्रं. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजोबा, जरा बाजूला होता का? उजेड अडतोय."

टिचकी म्हणाली, "अहो, हे माझे मामा. ह्यांनीच शिकवलं मला." बाईंनी "हो का, हो का" केलं आणि पुन्हा चित्रात डोकं घातलं.

"कंद भरीव करीन," टिचकी म्हणाली. "पांढरी काच भरपूर आहे माझ्याकडे."

भरीव कंद. मुठीएवढा. आता ओढ केसाएवढी राहणार नव्हती. अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. तोंड उघडलंही होतं. पण "आजोबा, बाजूला व्हा" हे कानात इतकं वाजत होतं, की मी बाजूला झालो. भिंतीकडे जाऊन बसलो आणि पानं करायला घेतली. आता जे व्हायचं ते होऊ दे, असं म्हटलं मनात. अगदी ह्याच शब्दांत.

आठ महिने ती राबली. तीन कंद भट्टीतच गेले. ती तासन्‌तास तुकडे घेऊन बसायची. "मी घाई केली का हो मामा, निववायला?"

"घाई केलीस," मी म्हणायचो. "भट्टी आणखी सावकाश ठेव."

ती दोन दोन दिवस निववायला लागली. बरणीत अर्ध्या कांड्या चांगल्या होत्या ना, त्यामुळे काही कंद उत्तम निघायचे, आणि तिला वाटायचं की आता जमलं. सोळाही झाडं पोचली. दालन उघडलं त्या दिवशी आम्ही तिघं गेलो. तिने नवे कपडे घेतले होते. पाटीवर तिचं नाव होतं, बायकोने दोनदा मोठ्याने वाचलं. लोक म्हणत होते, ही खरी नाहीत? टिचकी लाजून चूर झाली होती.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. सोळांपैकी अकरा कंद तडकले होते. एक तर शाळेची मुलं समोर उभी असताना फुटला, तुकडे कपाटाच्या काचेवर आदळले, दोन मुली घाबरून रडल्या. दालन बंद केलं होतं. कामात निष्काळजीपणा झालेला दिसतो, यापुढे आपला संबंध राहणार नाही, पाटी काढली आहे, असं लिहिलं होतं. बायकोने वाचून दाखवलं. टिचकी मधेच उठून मोरीत गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

रडून बसणाऱ्यातली नव्हे ती. जाऊन तुकडे घेऊन आली. दोन दिवस खिडकीत बसून बरणीतली एकेक कांडी तपासली तिने, एकेकीची तार ओढून. मी भिंतीकडे बसून तो आवाज ऐकत होतो. बर्नर चालू, बर्नर बंद. पुन्हा चालू. तिसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बायको खोकी दुमडत होती.

"मामा, बरणीत दोन जातीच्या काचा आहेत."

मी हातातलं पान ज्योतीत फिरवत राहिलो.

"बरणी तुम्ही भरली होती. मी म्हातारी करायच्या आधी. आठवतंय?"

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, तिथे नुसता डाग होता. आणि त्या क्षणी मला वाट सापडली. जी गोष्ट झाकायला मी अडीच वर्षं जिवाचा आटापिटा केला होता, तीच मी उचलली आणि पुढे धरली.

"मला दिसत नाही गं पोरी," मी म्हणालो. "डोळे गेलेत माझे. कागदावरचं वाचता आलं नसेल. मला कळलंच नाही."

बायकोच्या हातातलं खोकं दुमडायचं थांबलं.

टिचकी खाली बसली, फरशीवर, माझ्या पायांशी. "कधीपासून?"

"झाली अडीच वर्षं."

"आणि तुम्ही एकट्यानेच..." तिचा आवाज फुटला. तिने माझे दोन्ही हात धरले आणि त्यांवर डोकं टेकवलं. "मला सांगायचं ना मामा. मी काय परकी होते? मी दहा-दहा तास तुमच्या पाठीशी बसते आणि मला कळलं नाही! मीच आंधळी."

"चूक झाली माझी," मी म्हणालो.

"डोळ्यांची कसली चूक!" ती म्हणाली.

मी आयुष्यात कोणाचा मार खाल्ला नाही. तो त्या दिवशी खाल्ला, आणि मारणारीला पत्ता नव्हता.

तिने तिथेच बसून संग्रहालयाला पत्र लिहिलं आणि मला मोठ्याने वाचून दाखवलं, कारण आता मला वाचता येत नाही हे घरात उघड झालं होतं. कांड्या न तपासता वापरल्या ही चूक सर्वस्वी माझी आहे. माझ्या मामांचा ह्यात काही संबंध नाही, त्यांचं बेचाळीस वर्षांचं काम निर्दोष आहे. यापुढे मी ह्या दुकानाच्या नावाने कोणतंही काम करणार नाही आणि माझी खूण कोरणार नाही.

"हे कशाला?" मी म्हणालो. "खुर्ची तुझी आहे."

"दाराबाहेर गेलेलं तडकलं की मग कसली खुर्ची, मामा? नियम त्यासाठीच आहे ना." तिने नाक पुसलं. "औषधाच्या कुप्यांच्या कारखान्यात घेतायत माणसं. नळी धरायची, टोक बंद करायचं, पुढची. त्यात काही तडकत नाही. आणि तुमच्या डोळ्यांचं मी कोणाला कळू देणार नाही. लोकांना कळलं तर तुमची जुनी कामंसुद्धा संशयाने बघतील."

काम दुकानाच्या नावावर होतं, म्हणून खाली माझी सही लागत होती. मी पेन धरलं आणि कागदावर कुठेतरी नेलं. तिने माझं बोट पकडून जागेवर टेकवलं.

"इथे, मामा. जरा उजवीकडे. हां."

मी सही केली. झोकात आली, बायको नंतर म्हणाली. टिचकी पत्र टाकायला गेली.

खोलीत आम्ही दोघंच. बायकोने खोक्यांचा ढीग बाजूला सारला.

"तो कागद मी वाचला होता तुम्हाला," ती म्हणाली. "म्हातारी फळीवर ठेवून दोनच दिवस झाले होते. पोरीला सांगितलं का म्हणून विचारलं होतं मी. तुम्ही हो म्हणालात."

मी पेनाचं टोपण चाचपायला लागलो.

"डोळे काय, कोणाचेही जातात," ती म्हणाली.

"सांगणार आहेस तिला?"

तिने एक खोकं उचलून दुमडायला घेतलं. मला वाटलं, बरं होईल सांगितलं तर. खरंच वाटलं. पण मी हात जोडले ते उलट, सांगू नकोस म्हणून विनवायला.

"हात जोडू नका," ती म्हणाली. "नाही सांगणार. आपल्याशिवाय आहे कोण तिला?"

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलते. जेवायला या, दार लावा, एवढंच. टिचकी कारखान्याजवळ खोली घेऊन राहते. दर रविवारी येते. मला वर्तमानपत्र वाचून दाखवते, डोळ्यांत औषध घालते, नखं कापते, आणि जाताना दारात उभी राहून म्हणते, "मामा, काहीही असलं तरी मला सांगायचं हं आता. लपवायचं नाही."

मी म्हणतो, "सांगेन."